रिकाम्या दिवसाचा पगार कोण देणार?

शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की वाकड, मारुंजी, ताथवड्याच्या पीजींमध्ये कॉट मिळवण्यासाठी धावपळ सुरू होते. लातूर, नांदेड, बीड, जळगावहून आलेली मुलंमुली रोज पोर्टलवर अर्ज टाकत असतात आणि त्यातल्या अनेकांना साधारण एकाच नमुन्याचं पत्र येतं: निवड झाली आहे, तीन महिने ट्रेनिंग, मग क्लायंटकडे डिप्लॉयमेंट, दोन वर्षांचा बाँड. घरून फोनवर पहिला प्रश्न येतो, पॅकेज किती? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा आहे. आधी विचारायचं ते हे, की ज्या दिवशी माझ्याकडे क्लायंट नसेल त्या दिवसाचा पगार कोण देणार?

या धंद्याचं गणित सरळ आहे. कन्सल्टन्सी तुमचे तास क्लायंटला विकते. समजा, क्लायंट तुमच्यापोटी महिन्याला ८०,००० रुपये मोजतो आणि तुमच्या हातात २४,००० येतात. मधल्या रकमेतून पीएफ, विमा, ऑफिसचं भाडं, सेल्सवाल्यांचे पगार, ट्रेनिंगचा खर्च आणि नफा निघतो. यात लबाडी काही नाही, जगभर हा व्यवसाय असाच चालतो. पण तुमचा तास विकला गेला नाही तर कंपनीची आवक शून्य आणि पगार चालू. या धंद्यातला सगळ्यात मोठा तोटा हा रिकामा दिवस, आणि तो कुणाच्या अंगावर टाकायचा हे ठरवण्यासाठीच करारातली बहुतेक कलमं लिहिलेली असतात. बिनपगारी ट्रेनिंग, लांबत जाणारं जॉइनिंग, बेंचवर, म्हणजे क्लायंट नसताना, कापलेला पगार, बाँड हे सगळं त्या एकाच प्रश्नाचं उत्तर असतं. कलम वाचताना हा प्रश्न डोक्यात ठेवा, वकिली इंग्रजी बरंच सोपं वाटू लागेल.

पुण्यात असं काम देणाऱ्या कंपन्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात टीसीएस, इन्फोसिस, विप्रो, कॉग्निझंट अशा मोठ्या सेवा कंपन्या. त्या स्वतःला कन्सल्टन्सी म्हणोत वा न म्हणोत, फ्रेशरच्या दृष्टीने व्यवहार तोच: पगार यांचा, काम तिसऱ्याचं. दुसऱ्या प्रकारात मध्यम आकाराच्या स्टाफिंग कंपन्या. त्या पदवीधर घेतात, काही आठवडे जावा, टेस्टिंग किंवा डेटा शिकवतात आणि हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या क्लायंटकडे बसवतात. ब्रिटनमध्ये एफडीएम ग्रुपने हेच मॉडेल वर्षानुवर्षं चालवलं, बँका आणि विमा कंपन्या त्यांचं गिऱ्हाईक. आपल्याकडे याला कुणी ‘थर्ड पार्टी पेरोल’ म्हणतं, कुणी ‘सीटूएच’ (कॉन्ट्रॅक्ट टू हायर). तिसरा प्रकार म्हणजे दोन खोल्यांचं ऑफिस, भिंतीवर निवड झालेल्यांचे फोटो आणि आधी भरायला सांगितलेले पैसे.

तिसऱ्या प्रकाराबद्दल फार लिहायची गरज नाही. पैसा कुठल्या दिशेला वाहतोय ते बघा. नोकरी देणारा तुमच्याकडून ‘रजिस्ट्रेशन’, ‘लॅपटॉप डिपॉझिट’, ‘ट्रेनिंग फी, पहिल्या पगारातून परत’ असं काहीही मागत असेल तर तो नोकरी देत नाही, विकतोय. पैसे घेऊन गायब झालेल्यांच्या तक्रारी पुण्यात पोलिसांकडे वेळोवेळी गेल्या आहेत आणि तक्रार करणाऱ्या बहुतेकांकडे पावतीही नीट नसते. पैसे देऊनच शिकायचं असेल तर शिकवणाऱ्याकडे जा. १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकचा सहा महिन्यांचा पीजी-डॅक कोर्स आहे, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा आहे, फी आणि वेळापत्रक जाहीर आहे. तिथेही नोकरीची हमी नाही, पण निदान कोण शिकवणार आणि काय शिकवणार हे पैसे भरायच्या आधी कळतं.

जॉइनिंगच्या आधीचा काळ

ऑफर लेटर आणि नेमणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘लेटर ऑफ इंटेंट’ ही तर तिसरीच. इन्फोसिसने २०२२ च्या बॅचला ऑफर दिल्या आणि त्यातल्या सुमारे दोन हजार जणांचं जॉइनिंग दोन वर्षं लांबलं. पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार नेली तेव्हा तो विषय वर्तमानपत्रांत आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर असलेल्या फ्रेशर्सना साडेतीन लाखांवर लगेच रुजू व्हाल का, असं विचारलं. कंपन्यांची बाजू अशी की मागणी घटली, प्रोजेक्ट आले नाहीत. खरं असेल. पण तेवढे महिने घरी बसायचा खर्च कुणी केला? मुलांच्या आईवडिलांनी.

म्हणून जॉइनिंगची तारीख नसलेल्या पत्रावर दुसरी ऑफर सोडू नका. दर पंधरा दिवसांनी मेल टाकून तारीख विचारा, फोनवर नव्हे, मेलवर. मधल्या काळात रिकामे बसलो असं दिसणार नाही याची सोय करा: छोट्या कंपनीतलं काम, ओळखीच्या दुकानदाराचं बिलिंग सॉफ्टवेअर, गिटहबवर तारखेनिशी दिसणारा एखादा प्रोजेक्ट, काहीही चालेल. पुढच्या मुलाखतीत ‘त्या कंपनीची वाट पाहत होतो’ हे उत्तर खरं असूनही पडेल ठरतं.

पत्रात तुमचं पद काय लिहिलंय तेही पाहा. ‘ट्रेनी’ लिहिलेला माणूस सहसा कर्मचारीच असतो. ‘अप्रेंटिस’ लिहिलेला नसतो. १९६१ च्या अप्रेंटिसेस कायद्याखाली घेतलेल्याला स्टायपेंड मिळतो, पीएफ लागू होत नाही, त्याचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो आणि मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नसतं. शिकाऊ उमेदवारी वाईट नाही. मात्र वर्षभराने बाहेर पडताना ‘एक वर्षाचा अनुभव’ म्हणून पुढची कंपनी ती किती मोजेल, हे आधी समजून घ्या. ‘इंटर्न’ असा शब्द असेल आणि सहा महिने पगार नसेल तर त्या सहा महिन्यांचा हिशेब बाँडच्या मुदतीत धरलाय का, हे विचारा. बहुतेक वेळा धरलेला नसतो.

ट्रेनिंगच्या परीक्षांचे नियमही लेखी हवेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरच्या कॅम्पसमधून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना एकदम बाहेर काढलं. तीन संधी देऊनही अंतर्गत चाचणी पास झाले नाहीत, आणि ही अट त्यांच्या करारातच होती, असं कंपनीचं म्हणणं. त्यातले काही जण जॉइनिंगसाठी दोन वर्षं थांबलेल्यांपैकी होते. यातून घ्यायचं ते एवढंच: पासिंग किती टक्क्यांना, प्रयत्न किती, नापास झालो तर नोटीस किती दिवसांची, आणि कंपनीनेच काढलं तर बाँडची रक्कम मागणार की नाही. हे चार मुद्दे एचआरला मेलवर विचारा. उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच समजा.

बाँड

या लेखातला सगळ्यात जास्त वेळ बाँडवर घालवणार आहे, कारण पोरं सगळ्यात कमी वेळ त्यावर घालवतात. स्टॅम्प पेपर समोर येतो (ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराऐवजी पाचशेचा), मागे रांग उभी असते, एचआर म्हणते ‘स्टँडर्ड आहे, सगळ्यांनी केलाय’, आणि सही होते.

बाँड बेकायदा असतो, फाडून फेकला तरी चालतो, असं तुम्हाला हॉस्टेलवर कुणीतरी छातीठोकपणे सांगेल. कंपनी म्हणेल की दोन लाख म्हणजे दोन लाख, नाहीतर कोर्टात खेचू. दोघंही अर्धवट बोलतात. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम २७ सांगतं की माणसाला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक. म्हणजे नोकरी सोडल्यावर वर्षभर दुसऱ्या कुठल्याही आयटी कंपनीत जायचं नाही, ही अट सहसा टिकत नाही. पण नोकरीच्या मुदतीत लागू असलेल्या अटीचं तसं नाही, आणि तो भेद ज्या खटल्याने पक्का केला तो आपल्याच भागातला आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये १९६३ साली निरंजन शंकर गोलिकरी पाच वर्षांच्या करारावर शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागले. टायरच्या धाग्याचं तंत्र कंपनीने हॉलंडच्या कंपनीकडून घेतलं होतं, त्याचं प्रशिक्षण त्यांना मिळालं, आणि पुढच्याच वर्षी ते कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला: कराराच्या मुदतीत प्रतिस्पर्ध्याकडे काम न करण्याची अट कलम २७ मुळे आपोआप बाद होत नाही. मात्र तिथे परदेशातून आणलेलं गुप्त तंत्र होतं. तुमच्या ट्रेनिंगमधलं कोअर जावा आणि एसक्यूएल यूट्यूबवर फुकट आहे. या फरकाला कोर्टात किंमत असते.

दुसरा निकाल ताजा, १४ मे २०२५ चा. विजया बँकेत अधिकारी म्हणून २००७ मध्ये रुजू झालेले प्रशांत नारनवरे तीन वर्षं पूर्ण होण्याआधीच आयडीबीआय बँकेत गेले. बाँडप्रमाणे दोन लाख रुपये त्यांनी निषेध नोंदवून भरले आणि मग दाद मागितली. कर्नाटक उच्च न्यायालयात ते जिंकले, सर्वोच्च न्यायालयात बँक जिंकली. हा निकाल आला तेव्हापासून एचआरच्या मेलमध्ये त्याचा दाखला येऊ लागला तर नवल नाही. पण निकालाची कारणं वाचा. सरकारी बँकेला भरती जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन, सगळी प्रक्रिया पुन्हा करून करावी लागते. त्याला पैसा आणि वेळ लागतो. अधिकारी वरच्या पदावरचा होता आणि त्याच्या पगाराच्या मानाने दोन लाख अवाच्या सव्वा नव्हते. महिना बावीस हजारांवर काम करणाऱ्या, तीन आठवडे झूमवर शिकलेल्या मुलीकडे खासगी कंपनी तेच दोन लाख मागते तेव्हा प्रकरण वेगळं होतं. करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की बाँडमध्ये लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, त्याच्या आत जी वाजवी भरपाई असेल ती मिळेल. म्हणून कंपनीला ट्रेनिंगवर खरोखर किती खर्च झाला, हा प्रश्न कळीचा.

बाहेरच्या देशांतही वारं याच दिशेचं आहे. अमेरिकेच्या कामगार खात्याने २०२४ मध्ये व्हर्जिनियातल्या स्मूथस्टॅक या आयटी स्टाफिंग कंपनीवर असल्याच वसुलीच्या अटीवरून दावा लावला. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२६ पासून होणाऱ्या करारांत ‘थांबा नाहीतर पैसे भरा’ छापाच्या बहुतेक अटींना बंदी आहे. आपल्याकडे तसा थेट कायदा नाही, म्हणून सहीच्या आधीची घासाघीस आपली आपणच करायची.

ती कशी करायची? बाँड नकोच म्हणाल तर बहुतेक ठिकाणी दार बंद होईल. त्यापेक्षा चार बदल मागा. मुदत रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजावी, डिप्लॉयमेंटच्या तारखेपासून नाही. हा एक शब्द ट्रेनिंग आणि क्लायंटची वाट पाहण्यातले महिने धरून दोन वर्षांचा बाँड पावणेतीन वर्षांचा करू शकतो. बेंचवरचे दिवस मुदतीत धरावेत. रक्कम दर महिन्याला कमी होत जावी, म्हणजे अठरा महिने झाल्यावर सोडणाऱ्याला पूर्ण रक्कम लागू नये. आणि कंपनीनेच काढलं किंवा ठरावीक महिन्यांत क्लायंट दिला नाही तर बाँड संपावा. चारही मान्य होणार नाहीत. दोन झाले तरी पुष्कळ. एचआरच्या हातात काही नसतं असं समजू नका. ज्याला खरोखर माणूस हवाय तो वरच्याला विचारतो.

तीन गोष्टींवर मात्र अडून बसा. पहिली, मूळ मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्र ठेवून घेणं. दाखवा, स्कॅन द्या, साक्षांकित प्रत द्या, मूळ कागद देऊ नका. तो कागद तुमच्या विद्यापीठाचा आहे, कंपनीच्या तारणाचा नव्हे. दुसरी, सही केलेला कोरा चेक. बाँड मोडला तर दिवाणी दावा होतो, वर्षं लागतात, कंपनीला खर्च सिद्ध करावा लागतो. चेक न वटल्यास १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ लागतं. तो फौजदारी मामला आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड. ‘फक्त सिक्युरिटीसाठी घेतोय’ हे तोंडी वाक्य त्यात वाचवत नाही. चेक घेण्यामागे हाच हेतू असतो, दिवाणी भांडण फौजदारी करायचं. तिसरी, वडिलांची किंवा मामांची जामीन म्हणून सही. जामीनदाराची जबाबदारी मूळ माणसाइतकीच असते, म्हणजे नोटीस थेट उदगीरच्या घरी जाऊ शकते. घरातल्या माणसाने सही करायचीच असेल तर त्याला आधी हे सांगा, त्याच्या अंगठ्याशेजारी बोट दाखवून पुढचं पान उलटू नका.

आणखी एक ओळ शेवटच्या पानावर असते, कुणी वाचत नाही: ‘वाद झाल्यास फक्त नोएडा येथील न्यायालयात’. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एचडीएफसी बँकेच्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात नोकरीच्या करारातलं असं कलम वैध ठरवलं. तुम्ही पुण्यात काम करणार, कंपनीची शाखा पुण्यात, तर न्यायालयही पुण्याचं असावं, एवढं मागायला हरकत नाही.

क्लायंट राउंड आणि खोटी प्रोफाइल

ट्रेनिंग संपलं की क्लायंटच्या मुलाखती सुरू होतात. इथे काही कन्सल्टन्सी जो खेळ करतात तो पुण्यात उघड गुपित आहे. फ्रेशरची प्रोफाइल क्लायंटकडे जाते ती ‘तीन वर्षांचा अनुभव’ म्हणून. त्यात कधीही न पाहिलेला प्रोजेक्ट असतो, कधी बंद पडलेल्या कंपनीचं अनुभवपत्र जोडलेलं असतं. फ्रेशरचा रिकामा दिवस लवकर संपवायचा हा सोपा मार्ग, आणि त्याचा धोका सगळा तुमच्या नावावर. क्लायंटला हवा असतो अनुभवी माणूस, बिल लागतं अनुभवी माणसाचं, पगार मात्र फ्रेशरचाच राहतो.

मुलाखतीच्या आधी लेखी मागा: माझी जी प्रोफाइल पाठवली ती मला पाठवा. त्यात खोटं असेल तर मेलवर कळवा की माझा अनुभव अमुक तारखेपासूनचा आहे, दुरुस्त करा. कॅमेऱ्यामागे बसून दुसऱ्याने उत्तरं द्यायची आणि तुम्ही ओठ हलवायचे, असा प्रस्ताव आला तर तिथून निघा. हे नीतीचं प्रवचन नाही. पीएफचा यूएएन नंबर तुम्ही कुठे, कधीपासून काम केलं ते सगळं दाखवतो. बॅकग्राउंड तपासणी करणारी एजन्सी आधी तेच बघते. चार वर्षांनी, चांगल्या कंपनीत रुजू झाल्यावर, हा हिशेब निघाला की कन्सल्टन्सी कानावर हात ठेवते. त्या वेळी तुमची आधीची मेल हाच एक पुरावा असतो.

क्लायंटच्या ऑफिसात

हिंजवडी फेज थ्रीला किंवा खराडीच्या ईऑनमध्ये पहिल्या दिवशी गळ्यात येणाऱ्या पट्ट्याचा रंग बहुतेक ठिकाणी वेगळा असतो. काही ठिकाणी कँटीनचं सबसिडीचं कूपन नसतं, टीम आउटिंगला नाव नसतं. याचं वाईट वाटतं, वाटू द्या, पण त्यावर फार दिवस घालवू नका. कामाचं काय ते बघा.

तुम्हाला दोन साहेब असतात. रोजचं काम क्लायंटचा लीड देतो, पगारवाढ कन्सल्टन्सीचा मॅनेजर ठरवतो, ज्याने तुमचं काम कधी पाहिलेलंच नसतं. त्यामुळे महिन्याला एकदा, पाच-सहा ओळींची मेल: या महिन्यात काय केलं, लीडने काय म्हटलं, पुढे काय. क्लायंटच्या लीडने कौतुक केलं तर त्याला दोन ओळी लिहून टाकायला सांगा. टाइमशीट दोन असतात, दोन्ही वेळेवर भरा. बिल अडकलं की पहिलं बोट तुमच्याकडे येतं. सुट्ट्यांच्या याद्याही दोन. गणपतीची सुट्टी क्लायंटला असते पण कंपनीला नाही, किंवा उलट, तेव्हा कुठली लागू ते आधीच विचारून ठेवा. क्लायंटचा कोड स्वतःच्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर घेऊ नका, ‘शिकण्यासाठी’ म्हणूनसुद्धा नको. यात थेट काढून टाकतात आणि कन्सल्टन्सी मध्ये पडत नाही.

पगारापेक्षा महत्त्वाचं काम कसलं आहे ते. दोन वर्षं पासवर्ड रीसेट आणि तिकिटं बंद करण्यात गेली, तर बाँड संपेल तेव्हा तुमच्या हातात विकण्यासारखं काही नसेल. सपोर्ट वाईट नाही. रात्री दोन वाजता प्रोडक्शनला काय बिघडतं हे ज्याने पाहिलं तो पुढे चांगला इंजिनिअर होतो. पण सहा महिन्यांनी तेच तिकीट पुन्हा येत असेल तर ते का येतं याचा शोध घ्या, एखादी स्क्रिप्ट लिहा, डेव्हलपमेंट टीमसोबत शॅडो म्हणून बसू द्या असं मागा. नाही म्हटलं तर तीन महिन्यांनी पुन्हा मागा. वर्ष होऊनही काही बदललं नाही तर क्लायंट बदलून मागा. हा हक्क बाँडने काढून घेतलेला नसतो.

बेंच

प्रोजेक्ट संपला, किंवा क्लायंटने बजेट कापलं, की बेंच. बेंचवरचा माणूस म्हणजे स्टँडला उभी असलेली रिक्षा: चाक फिरत नाही, हप्ता मात्र चालू असतो. पूर्वी मोठ्या कंपन्यांत बेंचवर महिनोन्‌महिने निवांत काढलेली माणसं भेटत. ते दिवस गेले. जून २०२५ मध्ये टीसीएसने नियम केला की वर्षात किमान २२५ दिवस बिलावर हवेत आणि बेंच ३५ दिवसांपेक्षा जास्त नको. पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक जागा कमी करण्याचं जाहीर केलं. छोट्या कंपन्यांत असा लेखी नियम नसतो, पण एक दिवस एचआर बोलावते आणि ‘परस्पर संमतीने’ राजीनामा लिहून घेते.

करारात बेंचवरच्या पगाराबद्दल काय आहे ते आधीच पाहा. पूर्ण पगार, अर्धा पगार, की ‘बिनपगारी रजा’? शेवटचं असेल आणि बाँडची मुदत तेवढी पुढे ढकलली जात असेल, तर रिकाम्या दिवसाचा तोटा पूर्णपणे तुमच्या डोक्यावर आहे. अशा करारावर सही करायची असेल तर चांगल्या क्लायंटचं नाव लेखी घेतल्याशिवाय करू नका.

बेंचवर आल्यावर पहिल्या आठवड्यात रिसोर्स मॅनेजमेंटच्या माणसाला रोज दिसत राहा. तुम्हाला कोणकोणत्या प्रोजेक्टसाठी पाठवलं, कुठल्या मुलाखती झाल्या, निकाल काय, याची तारखेसह वही ठेवा. ‘हा प्रोजेक्ट नाकारतो’ असा शिक्का बसू नये म्हणून. चेन्नई, कोची, नोएडाला बदलीची अट करारात असते. एकदम नाही म्हणण्यापेक्षा राहण्याचा खर्च, पुण्याला परतायची मुदत विचारा, लेखी घ्या. राजीनामा लिहायला सांगितला तर त्या खोलीत सही करू नका. ‘विचार करून मेलवर कळवतो’ एवढं वाक्य पुरे आहे. दारावर कुणी अडवलं तरी राजीनामा स्वतःच्या हाताने लिहून देण्याची सक्ती कोणी करू शकत नाही, आणि दिला की नोटीस पे मागण्याचा मुद्दाही कमजोर होतो.

पैशाचं थोडक्यात. साडेतीन लाखांचं पॅकेज म्हणजे हातात महिना २२ ते २५ हजार, कारण सीटीसीमध्ये कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. पीएफ तुमचे १२ टक्के, कंपनीचे १२ टक्के. पासबुक उमंग अ‍ॅपवर दर महिन्याला उघडून बघा, स्लिपवर कापलेले पैसे तिथे जमा झालेत का. वेतन २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी लागते, आईवडील अवलंबून असतील तर तो दवाखाना त्यांनाही चालतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचा आहे, आणि ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. सीटूएचवर असलेल्यांनी हे शेवटचं वाक्य अधोरेखित करून ठेवावं.

सोडताना

क्लायंट खूश असला की कधी कधी तोच थेट नोकरी देऊ करतो. आनंदाने लगेच हो म्हणू नका. क्लायंट आणि कन्सल्टन्सीच्या करारात माणसं न पळवण्याची अट असते, काही ठिकाणी ठरावीक रक्कम भरून ती सोडवता येते. क्लायंटच्या एचआरला सरळ विचारा, ती रक्कम तुम्ही भरणार का. अनेक चांगल्या क्लायंटना हे नवीन नसतं.

दुसरीकडे जायचं असेल तर राजीनामा मेलवर, तारीख टाकून. आधीच फोन बंद करून गायब होणारी मुलं दर बॅचमध्ये असतात. त्यांचं रिलीव्हिंग लेटर अडकतं आणि पुढची कंपनी तेच मागते. बाँडची मुदत शिल्लक असेल तर आधी हिशेब मांडा: ट्रेनिंगवर खरा खर्च किती, किती महिने काम केलं, क्लायंटकडून कंपनीने तेवढ्यात किती कमावलं. त्यावरून एक रक्कम स्वतः सुचवा. मागितलेल्या दोन लाखांचे चाळीस हजार होतात, कारण कोर्टात जायचा खर्च त्यांनाही नको असतो. वकिलाची नोटीस आली तर घाबरून पैसे भरू नका आणि दुर्लक्षही करू नका. मुदतीत उत्तर द्या. ‘पोलिसात देऊ’ ही धमकी, चेक दिलेला नसेल आणि तुम्ही काही लंपास केलेलं नसेल, तर बहुधा पोकळ असते. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. पगार अडकवला असेल तर पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो, सोबत स्लिपा आणि मेलच्या प्रती जोडून.

राजीनामा दिला किंवा काढून टाकलं, तर वेतन संहितेप्रमाणे थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. ‘एफएनएफला (फुल अँड फायनल हिशेबाला) ४५ दिवस लागतात’ हे उत्तर जुन्या सवयीतून येतं, तेव्हा कायद्याचा उल्लेख करून एक विनम्र मेल टाका. लॅपटॉप, ओळखपत्र परत केल्याची सही घ्या. अनुभवपत्रावर ‘ट्रेनी’ नव्हे तर तुम्ही प्रत्यक्ष केलेल्या कामाचं पद आणि क्लायंटच्या प्रोजेक्टच्या तारखा लिहून मागा. बाँडचा मूळ कागद, चेक दिला असेल तर तो, आणि जामीनपत्र रद्द केल्याची ओळ मेलवर घ्या. पीएफ काढून घ्यायचा मोह होईल, गावी घराचं काम निघालेलं असतं किंवा बाइकचा हप्ता असतो. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो आणि पेन्शनसाठी मोजली जाणारी सेवाही तुटते. नव्या कंपनीत त्याच यूएएनवर ट्रान्स्फर करा. अर्ज ऑनलाइन होतो, फक्त जुन्या कंपनीने तुमची नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे ना, ते निघण्याआधी पोर्टलवर पाहून घ्या.